दोन इंच तीन सूत

सर्वप्रथम आकडा दुरुस्त करतो. ते अडीच इंच नव्हते. दोन इंच तीन सूत होते. इंचात आठ सुते असतात, म्हणजे अडीचला एक सूत कमी. गवंडी आणि सुतार ज्या सुतावरून दिवसभर वाद घालतात, ते सूत माझ्या बाबतीत मात्र साऱ्या गावाने उदारपणे माझ्या चुकीत जमा केले आणि पंचवीस वर्षे ‘अडीच इंच’ म्हणत राहिले. आकडा गोल करून सांगितला की तो लक्षात राहतो, आणि खोटी गोष्ट लक्षात राहावी हीच सांगणाऱ्याची इच्छा असते.

निमित्त एका लेखाचे आहे. मालेगावातील एका जैन व्यापारी कुटुंबाने धर्मशाळा बांधली, तिच्या कमानीला यंदा पंचवीस वर्षे झाली. विश्वस्तांनी स्मरणिका काढली आणि ती समारंभाच्या आठ दिवस आधी घरोघर वाटली. तिच्यात कमानीच्या पितळी पट्टीची हकिकत सांगणारा दोन पानी लेख आहे. लेखकाने माझे नाव घेतलेले नाही. ‘आमचे एक गणिती मित्र’ एवढेच म्हटले आहे. पण मालेगावात गणिती मित्र कोण, हे बसस्थानकासमोरचा पानवालाही सांगेल.

लेखातील गोष्ट अशी. गणिती मित्राने तीन दिवस कागद काळे करून कमानीची लांबी काढली. त्या लांबीची पट्टी आली आणि अडीच इंच तोकडी पडली. तेव्हा एका अडाणी मिस्त्रीने खिळ्यावर लटकलेली साखळी काढली, जमिनीवर सरळ अंथरली आणि म्हणाला, “हे घ्या तुमची लांबी.” सगळे पोट धरून हसले. गणिती मित्रही हसले.

मी हसलो नव्हतो. तीन दिवस नव्हे, मला एक दुपार लागली होती. मिस्त्री त्या दिवशी मालेगावातच नव्हता. आणि साखळी? त्या दिवशी धर्मशाळेच्या आवारात साखळी नावाची वस्तू कोणीही पाहिलेली नाही. ही साखळी लेखात आली कोठून, या एका प्रश्नाने मी त्या दिवशी जेवणाच्या ताटावरून उठलो. पुढचे सारे त्या प्रश्नातून निघाले.

लेख लिहिणारे गृहस्थ आणि मी एकाच महाविद्यालयात नोकरीला होतो. मी गणित शिकवीत असे, ते भौतिकशास्त्र. प्राध्यापकांच्या खोलीत आमची टेबले एकमेकांना लागून होती आणि सव्वीस वर्षे ती कोणी हलवली नाहीत. त्यांच्या डब्यातील ज्वारीची भाकरी मी खाल्ली आहे, माझ्या डब्यातील आंबाडीची भाजी त्यांनी खाल्ली आहे. येथे मी त्यांना भौतिकचे सर म्हणेन. त्यांनी माझे नाव छापले नाही, मीही त्यांचे छापत नाही. एवढी एकच गोष्ट आम्ही एकमेकांना अजून देऊ शकतो.

धर्मशाळेचे काम चालू होते तेव्हा ती बांधणारे शेठजी एका सकाळी आमच्या खोलीत आले. धान्याचा आणि कापडाचा त्यांचा व्यापार. बसले, पाणी घेतले आणि मला म्हणाले, “सर, आमी धान्य मोजतो, कापड मोजतो. वाकडी वस्तू कशी मोजाव, थे आमच्या दुकानात नाही.”

त्यांची अडचण खरी होती. कमानीच्या दर्शनी बाजूला, आतल्या कडेने, त्यांना पितळी पट्टी बसवायची होती. पट्टीवर वेल कोरायचा होता. वेलाची सुरुवात डाव्या पायाशी कळीने, शेवट उजव्या पायाशी कळीने आणि मधोमध माथ्यावर कलश. कोरणारा कारागीर दूरच्या गावचा. त्याला पूर्ण लांबी आधी कळल्याशिवाय तो पहिली कळीही कोरायला तयार नव्हता. आणि कमान तर अजून उभीच राहिली नव्हती.

“मिस्त्रीनं जऊळक्याले आपल्या घरामागच्या भितीवर कमानीचा आकार काढून ठेवला हाय,” शेठजी म्हणाले. “एखादा मानूस दोरी घेऊन पाठवू का?”

येथे मी जे बोललो ते लपवणार नाही. मी म्हणालो, “दोरी ओढली की लांबते, सैल सोडली की सुरकुतते. मला फक्त दोन मापे आणून द्या. लांबी मी काढून देतो.” मी स्वतः जऊळक्याला जाऊन तो आकार डोळ्यांनी पाहायला हवा होता. गेलो नाही. या सगळ्या प्रकरणात माझी म्हणून जी चूक आहे ती एवढीच, आणि ती मी आज प्रथमच मान्य करीत आहे, कारण आजपर्यंत ती मला कोणी विचारलीच नाही. लोकांनी माझ्यावर लादली ती दुसरीच.

भौतिकचे सर जऊळक्याला राहत आणि रोज मोटारसायकलने मालेगावला येत. ते लगेच म्हणाले, “मिस्त्री माह्या घराच्या मागंच राह्यते. मापं मी आनतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुढे ठेवला. पायांमधले अंतर बारा फूट. माथ्याची उंची सहा फूट.

मी म्हणालो, “उंची रुंदीच्या बरोबर निम्मी. मग हे अर्धवर्तुळ आहे.”

“नाही सर. मी डोळ्यानं पाह्यलं. अर्धवर्तुळ खांद्याले गोल राह्यते, हा आकार तसा नाही. पॅराबोला हाय.”

“नक्की?”

“उभा जन्म फेकलेल्या गोट्याचा मार्ग शिकवून राह्यलो मी,” ते हसून म्हणाले, “अन् मले पॅराबोला वळखू येनार नाही?”

त्यांनी मापांच्या खाली स्वतःच्या अक्षरात ‘पॅराबोला’ असे लिहिले. उगारलेल्या हातातून सुटलेला दगड ज्या वाटेने वर जाऊन खाली येतो, तो हा वक्र. माझा त्यांच्यावर विश्वास होता. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले आपण दुर्बीण लावून तपासत नाही.

वक्राची लांबी काढणे हे माझ्या विषयातील सर्वांत देखणे काम आहे, असे मला तेव्हा वाटत असे. सरळ रेघ कोणीही मोजतो. वाकड्या रेघेला पट्टी लावता येत नाही, म्हणून तिचे इतके बारीक तुकडे कल्पायचे की प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ व्हावा. असा तुकडा थोडा आडवा सरकतो आणि थोडा वर चढतो. त्या दोन्हींपासून काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे त्याची खरी लांबी निघते. मग कलनाच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, आधाराने सर्व तुकड्यांची बेरीज करायची. तुकडे अगणित असले तरी बेरीज एकच येते. सगळा प्रश्न चढाचा असतो. या कमानीच्या पायथ्याशी चढ दोन होता, म्हणजे रेघ एक फूट आत सरकताना दोन फूट वर जात होती आणि तेवढ्यासाठी सव्वादोन फुटांच्या आसपास पितळ खात होती. माथ्याशी चढ शून्य. तेथे फुटाला फूटच पुरत होता. पायापासून माथ्यापर्यंत हा चढ क्षणोक्षणी कमी होत जातो. त्या कमी होण्याचा हिशेब ठेवणे म्हणजेच ती बेरीज. मुलांना मी सांगत असे की मालेगावहून जऊळक्याचे अंतर नकाशावर पट्टीने मोजू नका, एसटीच्या चाकाला विचारा; चाक प्रत्येक वळण आणि प्रत्येक चढ भोगून आलेले असते.

त्या दुपारी वर्ग संपल्यावर मी बसलो आणि चहाची वेळ होण्याआधी उत्तर काढले. सतरा फूट नऊ इंच. त्यात केसभर कमी, जे पितळेत दिसणार नाही. भौतिकच्या सरांनी ते दोनदा पडताळले. माझ्या सहीशेजारी त्यांनी सही केली. एक प्रत शेठजींकडे गेली. दुसरी माझ्याकडे आहे, आणि तिच्यावरचा ‘पॅराबोला’ हा शब्द आजही स्पष्ट वाचता येतो.

कमान उभी राहिली, पट्टी आली. बसवण्याच्या दिवशी सकाळी आवारात शे-दीडशे माणसे जमली होती. परांचीवर दोन कारागीर. डाव्या पायाशी कळी बसली, वेल वर चढू लागला, स्क्रू फिरू लागले. कलश माथ्याजवळ आला तेव्हा खालून कोणीतरी ओरडले, “कलश डावीकडं हाय ना बे!” कारागिराने हाताने गप्प राहण्याची खूण केली. वेल उजवीकडून उतरला. शेवटची कळी पायापर्यंत पोहोचलीच नाही. तिच्याखाली कोऱ्या दगडाची फट राहिली.

मग सगळे एकदम बोलले.

“सर, बाकीचे कुटी सांडले जी?”

“सरांनं कमानीचा अभ्यास केला, कमानीनं सराचा नाही केला.”

“अडीच इंच हाय. मी बोटं लावून पाह्यली.”

‘अडीच’ तेथे जन्मला. कोणाच्या तरी बोटांवर. शेठजी सभ्य माणूस. ते पुढे आले आणि म्हणाले, “असू द्या सर, असू द्या. तुकडा जोडून घेऊ. तुमी मनाले लावून घेऊ नका.” त्यांच्या त्या समजूतदारपणाने मी अधिकच खजील झालो. भौतिकचे सर उजव्या पायापाशीच वाकले होते, शेवटच्या कळीवर हात ठेवून. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, “सर, कागद आपण दोघांनी तपासला होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कळीवरचा हात काढला आणि म्हणाले, “गणितात होते असं कधी कधी.”

गणितात असे होत नाही. माणसांत होते.

फटीत कोऱ्या पितळेचा तुकडा बसवला गेला, वेल नसलेला, गुळगुळीत. त्याला ‘सराचा तुकडा’ हे नाव पडायला आठवडाही लागला नाही. बाहेरगावचे पाहुणे धर्मशाळेत उतरले की त्यांना कमान दाखवताना तो तुकडाही दाखवीत. मी ते आकडे पुन्हा मांडले. कितीदा मांडले ते सांगण्यात अर्थ नाही; उत्तर प्रत्येक वेळी तेच आले. आकडेमोड निर्दोष होती आणि पट्टी तोकडी होती, या दोन सत्यांमध्ये मी उभा होतो आणि दोघांपैकी एकालाही नाकारू शकत नव्हतो.

पुढल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात तोच धडा आला. मी फळ्यावर वक्र काढला, त्याचा छोटा तुकडा दाखवला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, शेवटी तुकडा जोडाचा काय?” वर्ग हसला. मी खडू ठेवला, हात झटकले आणि तास संपण्याआधी बाहेर आलो. तो धडा मी त्या दिवसापासून विभागातील एका नव्या सहकाऱ्याकडे दिला. कारण विचारले तेव्हा वेळापत्रकाचे कारण सांगितले. निवृत्त होईपर्यंत मी वक्राची लांबी पुन्हा शिकवली नाही. कोणाला हे क्षुल्लक वाटेल. ज्याने आयुष्यात एकच काम मनापासून केले आहे, त्याला वाटणार नाही. आणि ही सर्व वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस मला धडा सोडताना पाहत होता, आणि डबा उघडून म्हणत होता, “घ्या सर, भाकरी गरम हाय अजून.”

आता लेखातल्या साखळीकडे येतो. गोष्ट रचणारा माणूस प्रसंग खोटा रचतो, पण त्यातल्या वस्तू बहुधा स्वतः पाहिलेल्या असतात. साखळी कोणी पाहिली असेल, तर ती जऊळक्याला. स्मरणिका पिशवीत घालून मी सकाळची बस धरली.

मिस्त्री आता थकला आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, गॉगल लावून ओट्यावर बसला होता. मला आवाजावरून ओळखले.

“सर! तुमीच येनार होते म्हना. पोरानं लेख वाचून दाखवला. मले अडानी म्हन्तलं त्यात!”

“साखळी तुम्ही सरळ केली का?”

“कायची सरळ? पट्टी बसवली त्या दिवशी मी कामरगावले होतो, तिथं मठाचं काम चालू होतं. साखळी तर मी आधीच बैलाले परत बांधली होती.”

“कोणती साखळी?”

मिस्त्रीला माझा प्रश्न विचित्र वाटला. “सर, कमानीचा आकार म्या साखळीनं काढला ना! माह्या बापाची रीत हाय. भितीवर दोन खिळे ठोकाचे, बैलाची साखळी लटकवाची. पोट पाहिजे तितकं खाली सोडाचं. मागं कोळशानं रेघ मारली का झालं. मंग तोच आकार उलटा करून त्याचा साचा कराचा. लटकलेली साखळी उलटी उभी केली का कमान पडत नाही. काहून, थे मले नाही मालूम. पन पडत नाही.”

“त्या वेळी तेथे कोण होते?”

“भौतिकचे सर माप घ्याले आले, तवा साखळी खिळ्यावरच लटकून होती. खिळ्यातलं अंतर, पोटाचं माप, सगळं त्यायनंच टेप लावून घेतलं. वरून म्हने, मिस्त्री, तुमाले मालूम नाही, पन हा पॅराबोला हाय! म्या म्हन्तलं, सर, ही बैलाची साखळी हाय.”

लटकलेली साखळी पॅराबोला नसते. दिसते तशी, पण नसते. तिचा वक्र वेगळा आहे, त्याचे समीकरण वेगळे आहे, आणि गणित शिकलेल्या माणसाला हा भेद माहीत असतो. भौतिकाच्या माणसालाही असायला हवा. तितकीच रुंदी आणि तितकीच उंची घेतली तरी साखळी खांद्याशी थोडी अधिक फुगते, म्हणून तिची लांबी थोडी जास्त भरते. किती जास्त, हे काढल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

दुपारी घरी पोहोचलो. पंचवीस वर्षांनी पुन्हा वक्राची लांबी काढायला बसलो. साखळीच्या वक्राचे उत्तर आले सतरा फूट अकरा इंच तीन सूत. त्यातून माझे सतरा फूट नऊ इंच वजा केले. दोन इंच तीन सूत.

मला आनंद झाला असेल असे कोणाला वाटत असेल, तर तसे झाले नाही. माझे उत्तर बरोबर होते. मला प्रश्नच दुसऱ्या वक्राचा दिला गेला होता. आणि प्रश्न देणारा माणूस साखळीपाशी स्वतः उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जऊळक्याला गेलो, या वेळी मिस्त्रीच्या घराच्या पुढल्या बाजूच्या घरी. भौतिकचे सर अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते.

“या सर, या! लेख वाचला वाटते. रागावले नाही ना? थोडी गंमत केली.”

“साखळी कोठून आली लेखात?”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मी जुना कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यांच्याच अक्षरातल्या शब्दावर बोट टेकवले. “लटकलेली साखळी पॅराबोला नसते.”

त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, “मालूम हाय.”

“केव्हापासून?”

“त्याच आठवड्यापासून. पट्टी बसवली, त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी आलेख कागदावर साखळी लटकवून पाह्यली. शेजारी तुमचा पॅराबोला काढला. खांद्याले फरक दिसला. तवाच समजलं.”

“आणि सांगितले नाही.”

“सांगनार होतो, सर. त्या दिवशी नाही सांगतलं. मंग दुसऱ्या दिवशी जास्त अवघड झालं. मंग वर्ष गेलं. मंग कसं सांगाव?”

“मी तो धडा सोडला, हे तुम्हाला दिसत होते.”

“दिसत होतं.”

घरातून चहा आला. दोघांनीही घेतला नाही. मग ते माझ्याकडे न पाहता बोलले, आणि आवाजात एक जुनी धार होती. “तुमाले आठवते का? माह्या वर्गात मी फळ्यावर उदाहरन सोडवत होतो. तुमी दारातून जाता जाता थांबले अन् मोठ्यानं म्हन्तलं, सर, चिन्ह चुकलं. साठ पोरं होते वर्गात.”

“चिन्ह चुकलेच होते.”

“चुकलंच होतं. पन तुमी दारातून सांगतलं. आत येऊन, हळू सांगता आलं असतं.”

ते मला आठवत होते. मी दारातूनच सांगितले होते, हे मी नाकारत नाही. मी आयुष्यभर दारातूनच सांगत आलो आहे, तो माझा स्वभाव आहे आणि त्याची किंमत मी अनेक ठिकाणी दिली आहे. पण खरी गोष्ट मोठ्याने सांगणे आणि खरी गोष्ट पंचवीस वर्षे गिळून बसणे, यांना एका मापाने मोजणाऱ्याचे माप मला मान्य नाही. तसे मी त्यांना म्हणालो. त्यावर ते फक्त एवढेच बोलले, “तुमचं बोलनं मले नेहमीच समजलं, सर. तुमाले माहं कधी समजलं नाही.”

मी उठलो. “रविवारी समारंभात तुमचे भाषण आहे. मला एक वाक्य हवे आहे. सरांचे गणित बरोबर होते, वक्र मी चुकीचा सांगितला. बाकी काही नको. क्षमाही नको.”

“सांगतो,” ते म्हणाले आणि माझा हात हातात धरला. तो हात मी विश्वासाने त्यांच्या हातात राहू दिला. एवढे झाल्यावरही राहू दिला, याचे मला आज अधिक वाईट वाटते.

रविवारी धर्मशाळेच्या आवारात मांडव होता. शेठजी आता नाहीत. त्यांचे चिरंजीव विश्वस्त आहेत. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मिस्त्रीला कोणी बोलावले नव्हते, मीच त्याला जऊळक्याहून जीपमध्ये सोबत आणले होते आणि शेजारी बसवले होते. भौतिकचे सर माईकपाशी उभे राहिले. कमानीची स्तुती केली, शेठजींची आठवण काढली. मग म्हणाले, “एक गोष्ट आज मले सांगाची हाय. स्मरणिकेत म्या आमच्या गणिती मित्राची थट्टा केली. पन खरं सांगू? ती चूक एकट्या त्यायची नव्हती. कागदावर माहीपन सही होती. अडीच इंच आमी दोघायनं मिळून खाल्ले!”

मांडव हसला आणि मग टाळ्यांनी भरून गेला. माझ्या मागे कोणी म्हणाले, “केवढं मोठं मन! मित्राची चूक सोताच्या अंगावर घेतली.” चिरंजीवांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. त्यांनी मंचावरून माझ्याकडे पाहून हात जोडले, आणि लोकांनी त्या हात जोडण्यालाही टाळ्या दिल्या.

मागितलेल्या वाक्यातला एकही शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, आणि तरी आता मी काही बोललो असतो तर मीच कृतघ्न ठरलो असतो. पहिल्यांदा त्यांनी गप्प राहून मला चुकीचा ठरवले होते. या वेळी बोलून ठरवले, आणि शाल घेऊन.

मिस्त्री माझ्याकडे झुकला. “सर, साखळीचं तर काहीच बोलले नाहीत ना थे?”

“नाही.”

चिरंजीवांनी शेवटी जाहीर केले की पंचविसाव्या वर्षानिमित्त उजव्या पायाशी असलेला कोरा तुकडा काढून तेथे वेल जुळवलेला नवा तुकडा बसवला जाईल. जुने उणे आता राहणार नाही. मी उभा राहिलो आणि आहे त्या आवाजात म्हणालो, “तो तुकडा काढू नका.” आवाज मंचापर्यंत पोहोचला. लोकांना वाटले, म्हातारा हळवा झाला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. चिरंजीव हसून म्हणाले, “सरांची इच्छा! तुकडा राहील.”

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी आणि मिस्त्री कमानीखाली गेलो. मी खिशातून पोलादी टेप काढला. तुकडा गुडघ्याच्या खाली होता. वाकणे मला जमत नाही, मिस्त्रीला दिसत नाही. शेवटी तो बसला, तुकड्याच्या तळाशी टेपचे टोक त्याने दाबून धरले, आणि मी चष्मा लावून वरची रेघ वाचली.

“किती?”

“दोन इंच तीन सूत.”

“अडीच नाही?”

“नाही.”

त्याने स्वतःच्या अंगठ्याचे नख त्या रेघेवर रोवले, गॉगल कपाळावर सरकवला आणि डोळे जवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “बरोबर. दोन अन् तीन सूत. म्या सोता पाह्यलं.” आणि उठताना माझ्या हाताचा आधार घेत म्हणाला, “लिहा सर तसं. अन् म्या कामरगावले होतो, थेही लिहा. अन् मले अडानी म्हन्तलं ते खोडून टाका.”

लिहिले आहे.